चारही दिशांनी

कॉम्प्युटरवरचं प्लास्टिकचं आच्छादन काढून तिनं त्याची चौपदरी घडी केली, खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि कशालाही हात लावण्याआधी मोजदाद केली. ही प्रयोगशाळेत लागलेली सवय. टेबलावर अकरा वस्तू होत्या. पोट सुटलेला जुना मॉनिटर एक. कीबोर्ड एक, त्यावरची दोन अक्षरं पुसून गेलेली. माऊस एक. स्पीकर दोन, त्यांतला डावाच वाजणारा. मऊ फडकं एक. डिस्कच्या डब्या दोन. निळ्या पुठ्ठ्याची वही एक. कागदी पाकीट एक. त्यात डोकावलं तर पातळ तारेची गोल चष्म्याची फ्रेम आणि दोन न घासलेल्या काचा. आणि पांढऱ्या सुती हातमोज्यांची एक जोडी, धुऊन, बोटांवर बोटं जुळवून ठेवलेली.

"बाबा, हातमोजे कशाला?"

वडील दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभे होते. आपल्याच घरात, आपल्याच टेबलापासून चार पावलं लांब, दुसऱ्याच्या दुकानात उभं राहावं तसे.

"डिस्क धरायला," ते म्हणाले.

ती हसली. वडील हसले नाहीत, तेव्हा तिचं हसू जागच्या जागी विरलं.

चार दिवसांच्या सुट्टीवर ती घरी आली होती. फोनवर वडिलांनी एवढंच म्हटलं होतं, "तुझी ती शाळेच्या प्रदर्शनाची डिस्क आता फारच अडकते. पार जायच्या आत तिची नक्कल निघते का बघ. घाई नाही." घाई नाही हे ते दोनदा म्हणाले होते.

तिनं डबीतून डिस्क काढली. खिडकीकडे तिरपी धरली. एकही ठसा नव्हता. कडेला केसाएवढा एक चरा होता, तो तिला आधीपासून ठाऊक होता. डिस्क तिनं ड्राइव्हमध्ये सरकवली. टेबलाखालच्या खोक्यातून धापा टाकल्यासारखा आवाज आला आणि पडद्यावर शाळेचं सभागृह उमटलं.

चित्र चालेना, लंगडत होतं. मुलं दोन पावलं चालत आणि थिजत. आवाज तुकड्यातुकड्यांनी येई, मध्ये घरघर, मग पुन्हा अर्धा शब्द. दहाव्या मिनिटाला दोन वेण्यांची तेरा वर्षांची ती स्वतः पडद्यावर आली, हातात एक गोल भिंग. "हे भिंग माझ्या बा..." म्हणाली आणि तोंड उघडं ठेवून थांबली.

वडिलांचा हात वहीकडे गेला. अर्ध्या वाटेवर त्यांना बहुधा आपल्या हाताची आठवण झाली. त्यांनी तो मागे घेतला आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

"मी जरा पाणी बघून येतो," ते म्हणाले. कसलं पाणी, ते त्यांनी सांगितलं नाही.

ते बाहेर पडतात न पडतात तोच समोरचे घड्याळकाका आत आले. घड्याळं दुरुस्त करायचं त्यांचं दुकान रस्त्यापलीकडे, आणि या घरात येण्यासाठी त्यांना कधी कारण लागलं नव्हतं. त्यांच्या नाकावर एक जुनापुराणा चष्मा होता, त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"आल्या का शास्त्रज्ञीणबाई? ये, उजेडात ये, नीट दिसू दे. नाही, असू दे. या चष्म्यातून तू मला दोन दिसतेस. दोघींचंही स्वागत आहे."

"काका, असा कसला चष्मा घातलाय?"

"दोन नंबर मागे पडलेला. माझा खरा त्या पाकिटात पडलाय महिनाभर. काच फुटली. सध्या मी घड्याळं अंदाजानं दुरुस्त करतो, त्यामुळे या रस्त्यावर कुणाचीच वेळ बरोबर नाही."

"मग दुकानातून बसवून घ्या ना. आता यंत्रावर दहा मिनिटांत होतं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. चष्म्याच्या वरून.

"यंत्रवाले म्हणतात, फ्रेम नाजूक आहे, तुटली तर आम्ही जबाबदार नाही. आणि तीस वर्षं माझ्या नाकावर तुझ्या बापाच्याच हातच्या काचा बसल्यात. आता दुसऱ्याच्या कशा चालतील? पण तो हात लावायला तयार नाही." मग त्यांनी आवाज चढवला, बाहेर ऐकू जाईल असा. "त्याला सांग, उद्या सकाळी येतो. घासणार असलास तर घास. नाही तर फ्रेम परत दे, म्हातारपणी नाकाला नवं वळण लावतो!"

बाहेरून नळ सोडल्याचा आवाज तेवढा आला.

तिला वाटत होतं, वडिलांनी काम सोडलं ते वयामुळे. किंवा यंत्रं आली म्हणून. अडतीस वर्षं ते चष्म्याच्या काचा हातानं घासून फ्रेममध्ये बसवत होते. कधीतरी माणूस कंटाळतोच. फोनवर ते तसंच म्हणाले होते, "आता पुरे झालं." ती "बरं झालं, आराम करा" म्हणाली होती. त्यावेळी ती एका ट्रेनची वाट बघत होती आणि तिचं अर्धं लक्ष फलाटाच्या पाटीकडे होतं.

स्वयंपाकघरात आई चहा गाळत होती.

"आई, बाबा काकांना नाही का म्हणतात?"

"तुला माहीत नाही?" आईनं गाळणं आपटून चोथा काढला. "नाहीच माहीत. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि दुसऱ्या दिवशी गाडी पकडून पसार. तुला कसं माहीत असणार?"

"मी काय केलं?"

"तीन वर्षं झाली. आठव. घड्याळकाका बसले होते तिथे, जेवायला. तुझ्या बाबांना त्यांना ती डिस्क दाखवायची होती. लावली तर अडकायला लागली. तू ती काढलीस, दिव्याकडे धरलीस, आणि काय म्हणालीस?"

तिला आठवलं. आधी खोली आठवली, मग ताटं, मग वाक्य आलं, अख्खं.

*बाबा, बोटं बघा जरा तुमची. पॉलिशपेपर झालीत नुसती. या हातांनी धरलं तर डिस्कच काय, काहीही खराब होईल.*

सगळे हसले होते. वडीलही. हसता हसता त्यांनी हात टेबलाखाली घेतले होते.

"मी गमतीनं म्हटलं होतं," ती म्हणाली.

"हो. गमतीनंच." आईनं कप तिच्यापुढे सरकवला. "दुसऱ्या दिवसापासून सकाळी खिडकीत उभे राहून बोटं बघत बसायचे. कामाच्या भिंगातून. चांगली घासलेली काच तीन तीनदा मोजायचे. मग एक काच हातातून सुटली. अडतीस वर्षांत सुटल्या नसतील का कधी? पण ती सुटली आणि म्हणाले, झालं, पोरीचं खरं आहे, हात गेला माझा. महिन्याभरात चाकावर कापड टाकलं ते आजतागायत."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगू नको म्हणाले. पोर शिकतेय, तिच्या डोक्याला ताप नको."

चहावर साय धरेपर्यंत ती तो कप हातात धरून उभी होती. तिला चटका बसत होता, तो तिनं बसू दिला.

टेबलापाशी परत येऊन तिनं निळी वही उघडली. चष्म्यांच्या मापांसाठी वडील अशाच वह्या वापरत. तीन उभे रकाने, टोक केलेली पेन्सिल, आकडे मोत्यासारखे. पहिल्या रकान्यात तारीख. दर महिन्याचा पहिला रविवार. दुसऱ्यात डिस्क ज्या मिनिटाला आणि सेकंदाला अडकली ते सगळे आकडे. तिसरा रकाना बहुतेक रिकामा, मधूनच एखादी नोंद, "आज भिंगापर्यंत आली," "आज आवाज जास्त." तिनं ओळी मोजल्या. चौतीस होत्या.

महिन्यातून एकदा, हातमोजे घालून, त्यांनी ही डिस्क लावली होती. चौतीस वेळा.

तिनं आकड्यांवरून बोट फिरवलं. नऊ बेचाळीस. दहा सतरा. दहा चाळीस. पुढच्या महिन्यात नऊ एकावन्न, दहा पाच, अकरा दोन. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा वेगळेच. तिनं कोरा कागद घेतला, आडवी रेघ मारली, तिच्यावर मिनिटं पाडली आणि सगळे आकडे ठिपक्यांनी मांडले. ठिपके कुठेच दाटले नाहीत. मूठभर मोहरी सांडावी तसे रेघभर पसरले.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही हे कळलं असतं. चरा डिस्कवर एका जागी असतो. चऱ्यामुळे अडकत असती तर दर वेळी तिथेच अडकली असती.

तिनं आईच्या भजनांची दुसरी डिस्क लावली. तीही अडकली. मग प्रोसेसर किती राबतोय ते दाखवणारी खिडकी उघडली. नुसतं एक चित्र दाखवायचं, तर आकडा नव्याण्णववर होता आणि खाली यायला तयार नव्हता. तिथून पुढचं तिला पाठ होतं. ड्राइव्हनं वाचलेलं थेट स्मृतीत ओतायची एक जलद वाट असते. दुसरी वाट मंद: प्रत्येक घास प्रोसेसरच्या हातानं भरवायचा. डिस्क वाचताना एकूण सहा चुका झाल्या, की ही जुनी यंत्रणा ठरवून टाकते की या ड्राइव्हला आता वेग झेपत नाही, आणि त्याला मंद वाटेवर उतरवते. मग चांगल्यातली चांगली डिस्क घाला, ती चूक विसरत नाही. कुणीतरी जाऊन तो शिक्का पुसेपर्यंत.

तिनं ड्राइव्हच्या जोडणीचं पान उघडलं. तिथे मंद वाटेचंच नाव होतं.

कुणाच्या सहा चुका? यंत्राचीही एक नोंदवही असते. ती तिनं उघडली आणि तळाशी, सर्वात जुन्या ओळींपर्यंत गेली. सहा लाल खुणा, एकाखाली एक. तीन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी, तीन वाजून बारा मिनिटांपासून तीन एक्केचाळीसपर्यंत. ज्या दिवशी ते जेवण झालं त्याच्या आदल्या दिवशी.

दुसऱ्या डबीत भजनांच्या डिस्कखाली आणखी एक डिस्क होती, हे तिनं मघाशी मोजलं नव्हतं. तिच्यावर तिच्याच अक्षरात, जाड पेननं: *परत द्यायची आहे.* मैत्रिणीकडून आणलेला सिनेमा. डिस्क उलटी केली तर मांजरानं नखं काढावीत तशी ओरबाडलेली.

ती दुपार डोळ्यांसमोर आली. ड्राइव्ह कण्हत होता, पडद्यावर पुन्हा पुन्हा सूचना येत होती आणि ती हट्टानं "पुन्हा प्रयत्न करा" वर बोट मारत होती. वडील काच घासून हात पुसत दारात आले होते. "अगं, दम लागलाय त्या बिचाऱ्याला. जरा थांब की." आणि ती मागे न वळता म्हणाली होती, "बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही."

तिनं ती डिस्क डबीत ठेवली. मग काढली आणि टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. मग पुन्हा डबीत ठेवली.

काम फार नव्हतं. ड्राइव्हची जोडणी यंत्राच्या यादीतून काढून टाकायची आणि यंत्र बंद करून चालू करायचं. मग ते ड्राइव्हला नव्यानं ओळखतं, जणू पहिल्यांदाच भेटतंय. तिनं घड्याळ बघितलं होतं. चारला दहा कमी असताना बसली, चारला उठली. दहा मिनिटं.

"बाबा," तिनं हाक मारली. "या. लागली."

वडील आले, मागून पदराला हात पुसत आई. वडिलांनी खुर्चीच्या पाठीवरचं आच्छादन उचललं, काय करावं न सुचून पुन्हा तिथेच ठेवलं, आणि बसले.

सभागृह आलं. मुलं सरळ चालत गेली. आवाज एका स्पीकरमधून, पण अखंड. दहाव्या मिनिटाला वेण्यांतली मुलगी पुढे झाली.

"हे भिंग माझ्या बाबांनी हातानं घासलं आहे," ती मुलगी म्हणाली. "गोल काच हातानं घासणं सर्वात अवघड असतं. चौकोनी काचेत चूक लपते, गोल काचेत लपत नाही."

परीक्षक बाई हसल्या. "हातानं? यंत्रावर केलं असेल."

"नाही. तुम्ही मोजून बघा. मी चार दिशांनी व्यास मोजला. पन्नास पूर्णांक दोन मिलिमीटर. पन्नास पूर्णांक दोन. पन्नास पूर्णांक दोन. पन्नास पूर्णांक दोन." प्रत्येक आकड्याला ती मुलगी भिंग थोडं फिरवत होती आणि हनुवटी वर करत होती.

परीक्षकांनी भिंग मागितलं तेव्हा चित्राच्या कडेनं एक हात आत आला. पाठोपाठ वडील आले, काळे केस असलेले, खांद्याला मुलीचं दप्तर. त्यांनी भिंग मुलीच्या हातून घेतलं, रुमालानं दोन्ही बाजूंनी पुसलं आणि फक्त काठावर दोन बोटं ठेवून बाईंच्या पुढे धरलं. एवढं करून ते चित्राबाहेर गेले.

"मी आहे होय यात?" वडील म्हणाले. "हे कधी आलंच नाही पुढे."

डिस्क संपली.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"यंत्राचा दोष होता," ती म्हणाली. "डिस्क चांगली आहे. तुमच्या हाताचा काही संबंध नव्हता."

"असं." वडिलांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, आणि ती दिसताच तिला कानापर्यंत गरम वाटलं. वाक्य खोटं नव्हतं. प्रयोगशाळेत असं वाक्य कुणी लिहिलं असतं, तर तिनं लाल पेननं खाली लिहिलं असतं: *कारण द्या.*

तिनं डबी उघडली आणि तिसरी डिस्क काढून त्यांच्यासमोर ठेवली.

"दोष यंत्रालाही माझ्यामुळे लागला," ती म्हणाली. तिचं लक्ष डिस्कच्या ओरखड्यांवर होतं. "ही मी लावत होते. तुम्ही थांब म्हणालात त्या दुपारी. ही वाचताना सहा चुका झाल्या, आणि यंत्रानं गृहीत धरलं की ड्राइव्हच कामातून गेला. त्याला हळू करून टाकलं. मग दुसऱ्या दिवशी तुमची डिस्क अडकली, आणि मी... न तपासता बोलले."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी," आई म्हणाली.

"चुका या डिस्कच्या," वडील हळूहळू म्हणाले, एखादं माप डोक्यात बसवावं तसे, "आणि शिक्षा ड्राइव्हला."

"हो."

"सहाच चुका पुरतात?"

"सहा."

"इथे तर एकच पुरली," आई म्हणाली आणि रिकामे कप गोळा करायला लागली. कप दोनच होते, पण तिला बराच वेळ लागला.

ती वहीकडे वळली. रडू आलं असतं तर सोपं गेलं असतं. तिनं ठिपक्यांचा कागद उलगडला. "बाबा, तुम्ही एवढं सगळं लिहून ठेवलंत. का लिहिलंत?"

"आधी वाटलं, कुठे अडकते ते कळलं तर चरा नेमका सापडेल. आपली पॉलिशची पावडर आहेच. काचेवरचा घालवतो, तसा हलक्या हातानं हाही घालवीन." ते थोडं थांबले. "पण दर वेळी वेगळ्याच जागी अडकायची. चरा काय चालत फिरतो?"

तिनं वर पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं. चऱ्यामुळे नाही ते."

"तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच."

"मग मला का नाही सांगितलंत? निदान फोनवर?"

वडिलांनी वही मिटली, तिचे कोपरे टेबलाच्या कडेशी जुळवले.

"तू बघितलं होतंस ना," ते म्हणाले. "तू शिकलेली. मला वाटलं, माझंच काहीतरी लिहायला चुकत असेल."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तिनं तो शोधला, असता तर बरं झालं असतं, पण नव्हताच. ते खरोखरच चौतीस वेळा तपासत होते, आणि चौतीस वेळा त्यांनी आपल्या वहीपेक्षा तिच्या एका वाक्यावर विश्वास ठेवला होता.

"वही बरोबर होती," ती म्हणाली. "मी चूक होते." मग पुन्हा एकदा: "मी चूक होते, बाबा."

वडिलांनी ऐकलं की नाही, सांगता येणार नाही. ते पाकिटातल्या दोन काचांकडे बघत होते.

मागच्या पडवीत चाक होतं. दोन फूट उंचीच्या टेबलावर दगडी चाक, वर पाण्याचा डबा, डब्याच्या बुडातून थेंब थेंब गळणारी नळी. वडिलांनी त्यावरचं कापड काढलं. झटकल्यावर उन्हात धूळ उभी राहिली. त्यांनी डब्यात पाणी ओतलं, बोट नळीखाली धरून थेंब मोजले, आणि बटण दाबलं. चाक आधी कुरकुरलं, मग एका सुरात लागलं. आवाज पोचला तसे घड्याळकाका रस्त्यापलीकडे दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. इकडे आले नाहीत. मनगटावरच्या घड्याळात बघितल्यासारखं करत राहिले.

"एकच उजवी काच आहे, एकच डावी," वडील म्हणाले. "मोठी राहिली तर पुन्हा घासता येते. लहान झाली तर बादलीत. नियम तुला माहीत आहे."

तिला माहीत होता. चार दिशांत एक दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असलेली काच या घरातून कधी बाहेर गेली नव्हती. फ्रेमची खाच तिनं मोजून दिली, बेचाळीस पूर्णांक एक.

वडिलांनी हातमोज्यांकडे पाहिलं नाही. उजवी काच त्यांनी उघड्या बोटांत धरली, पकडीनं तिचे कोपरे कुरतडले, आणि चाकाला लावली. पहिला स्पर्श झाला तेव्हा त्यांचे खांदे कानांपर्यंत वर आले. मग हळूहळू खाली उतरले. अंगठ्याखाली काच फिरत गेली, थांबली, फिरली. दोनदा ते मागे सरले. एकदा त्यांनी डावं मनगट उजव्या हातानं घट्ट धरलं आणि तसेच उभे राहिले. ती पुढे झाली नाही. मदत करावी असं ते काम नव्हतं.

पाऊण तासानं त्यांनी चाक बंद केलं. काच धुतली, पुसली, फक्त काठावर दोन बोटं ठेवून तिच्यासमोर धरली.

"तू मोज," ते म्हणाले, आणि पाठ फिरवून नळाखाली हात धुवायला लागले.

व्हर्नियर तिच्या बॅगेत होता. दशांश मिलिमीटर दाखवणारा, कॉलेजपासूनचा. पहिली दिशा घेतली, वाचली. दुसरी घेतली. तिसऱ्या दिशेला जबडे काठावर टेकले तेव्हा तिनं रेघा दोनदा वाचल्या. जबडे सोडले. काच पुसली. शून्य तपासलं. पुन्हा लावले. तिसऱ्यांदाही तीच रेघ जुळत होती.

वडील अजून हात धूत होते. हात केव्हाच धुऊन झाले होते.

दारात आई उभी होती. आईनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात एक आकडा होता, खोटा पण सोयीचा, कुणालाही कळणार नाही असा. तिघांपैकी दोघांना तो ऐकायचा होता.

"किती?" वडिलांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

तिनं चौथी दिशा मोजली. मग आतल्या टेबलावरची निळी वही आईकडून मागवून घेतली, चौतिसाव्या ओळीखाली तारीख घातली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं.

"बेचाळीस पूर्णांक एक. बेचाळीस पूर्णांक एक. बेचाळीस पूर्णांक चार. बेचाळीस पूर्णांक एक."